गोव्यात सापडलेलं ते हाड राणीचंच कशावरून?

आजचा एपिसोड एका हाडाबद्दल आहे. हाताच्या हाडाचा एक तुकडा, गोव्यात एका पडक्या चर्चच्या मलब्यातून निघालेला. तो कुणाचा आहे हे शोधायला इतिहासकार लागले, आपलं पुरातत्त्व खातं लागलं, हैदराबादची डीएनए लॅब लागली, आणि हजारो किलोमीटरवरचा एक अख्खा देश उत्तराची वाट बघत बसला होता.

त्या देशाचं नाव जॉर्जिया. अमेरिकेतलं राज्य नाही हं, कॉकेशस पर्वताजवळचा, काळ्या समुद्राच्या काठावरचा देश. आणि ते हाड ज्यांचं आहे असं मानलं जातं, त्या तिथल्या राणी केतेवान. जॉर्जियन चर्चच्या संत.

तुम्ही नेटवर शोधलंत तर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसेल, "डीएनए टेस्टने सिद्ध झालं". मी मूळ शोधनिबंध वाचायला घेतला, तर त्याच्या शीर्षकातच एक शब्द आहे. "बहुधा." पश्चिम भारतात उत्खननात मिळालेला अवशेष बहुधा जॉर्जियाच्या राणी केतेवानचा आहे, असं ते शीर्षक. आज मला या "बहुधा"बद्दलच बोलायचंय. तो तिथे का आहे, आणि बातम्यांमध्ये येताना तो कुठे गळून पडतो.

राणी गोव्यात आली कशी?

आधी गोष्ट समजून घेऊ, कारण ती माहीत नसेल तर तपासाची मजा कळणार नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकात जॉर्जिया हा एकसंध देश नव्हता. छोटी छोटी राज्यं होती, आणि दोन्ही बाजूंनी दोन बलाढ्य सत्ता, ऑटोमन तुर्क आणि इराणचे सफवी. पूर्वेकडचं एक राज्य म्हणजे काखेती. केतेवान तिथल्या राणी. नवरा वारला, नंतर दिराने सत्तेसाठी स्वतःच्या वडिलांचा खून केला. केतेवान त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि मुलाच्या, तैमुराझच्या नावाने राज्य सांभाळलं.

इराणच्या गादीवर तेव्हा शाह अब्बास पहिला होता. १६१४ मध्ये केतेवान त्याच्याशी बोलणी करायला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. शिराझमध्ये दहा वर्षं कैदेत. १६२४ मध्ये त्यांच्यापुढे पर्याय ठेवला गेला, धर्म बदला नाहीतर मरा. त्यांनी नकार दिला. तापवलेल्या चिमट्यांनी छळ करून त्यांना मारण्यात आलं.

त्या वेळी शिराझमध्ये पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्री होते. त्यांनी गुपचूप राणीचे अवशेष मिळवले. काही भाग पुढे जॉर्जियात मुलाकडे गेला आणि काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आला.

गोव्याला का? कारण आशियातल्या पोर्तुगीज सत्तेची राजधानी गोवा होती, आणि ऑगस्टिनियन संघाचा मोठा मठही तिथेच होता. जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर, "अवर लेडी ऑफ ग्रेस" चर्चला लागून. तुम्ही बॉम जीझस बॅसिलिकाला गेला असाल तर तिथून हे ठिकाण चालत जाण्याइतकं जवळ आहे. लाल जांभ्या दगडाचा, उभा चिरल्यासारखा अर्धा मनोरा. इन्स्टावर त्याचे फोटो नक्की पाहिले असतील. उंची ४६ मीटर. असे चार मनोरे होते, उरला तो हा अर्धा.

कागदावरची एक खिडकी

आता तपासाकडे. तपासाची सुरुवात लॅबमध्ये झालेली नाही, ती झाली जुन्या पोर्तुगीज कागदांत. त्यात नोंद अशी: राणीचे अवशेष मठाच्या चॅप्टर चॅपलमध्ये, "एपिसल" बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत ठेवले आहेत.

चॅप्टर चॅपल म्हणजे मठातले पाद्री सभेसाठी जमायचे त्या भागातलं प्रार्थनास्थळ. आणि एपिसल बाजू म्हणजे आपण वेदीकडे तोंड करून उभे राहिलो की उजव्या हाताची. पत्ता किती नेमका आहे बघा! अगदी आपल्याकडे सांगतात ना, देवळाच्या मागे, पिंपळाच्या डावीकडचं दुसरं घर.

पण पत्ता असून घर कुठंय? १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. तिथे उरले नुसते ढिगारे. त्या ढिगाऱ्यात चॅप्टर चॅपल नेमकं कुठलं, त्याची वेदी कुठल्या दिशेला, म्हणजे उजवी बाजू कुठली, हे ठरल्याशिवाय "दुसरी खिडकी" या शब्दांना काही अर्थच नाही.

जॉर्जियातून अभ्यासक १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून येत होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, म्हणजे एएसआय, सोबत शोध चालू होता. बरीच वर्षं काही हाती लागलं नाही. शेवटी २००४ मध्ये, कागदांशी जुळणाऱ्या जागेजवळ हाताच्या लांब हाडाचा एक तुकडा मिळाला. राणीच्या मृत्यूनंतर बरोब्बर ३८० वर्षांनी.

पण बंद, शाबूत दगडी पेटी, वर नाव कोरलेलं, आत हाड, असं सिनेमातलं दृश्य तिथे नव्हतं. मलबा होता. आणि त्याच परिसरात आणखी दोन हाडंही मिळाली. मठातच पाद्री आणि इतर लोक पुरले जायचे, त्यामुळे हाडं मिळण्यात नवल काहीच नाही. प्रश्न असा की यातलं राणीचं कुठलं? की एकही नाही?

लॅबने काय केलं?

ही तीन हाडं गेली हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये, म्हणजे सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजीमध्ये. नीरज राय, कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. एएसआयचे निझामुद्दीन ताहेर हेही त्या निबंधाचे लेखक आहेत. हाडांना नावं दिली क्यूकेटी-१, क्यूकेटी-२, क्यूकेटी-३. क्यूकेटी म्हणजे क्वीन केतेवान. नाव आधीच देऊन टाकलं, पण उत्तर अजून यायचं होतं!

जुन्या हाडातून डीएनए काढणं भयंकर किचकट असतं. डीएनए काळाप्रमाणे तुटत जातो, आणि उष्णता आणि दमट हवा असेल तर फार लवकर. गोव्याचा पाऊस आठवा. शेकडो पावसाळे खाल्लेलं हाड आहे ते. वर आणखी एक भीती, ते हाड उचलणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए त्याला चिकटतो. नुसता घामाचा थेंब पुरतो. म्हणून असं काम वेगळ्या स्वच्छ खोलीत, अंगभर सूट आणि हातमोजे घालून करतात.

आपल्या पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. मुख्य साठा केंद्रकात. दुसरा छोटासा साठा मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे शाळेत आपण "पेशीचं पॉवरहाउस" म्हणून पाठ केलेल्या भागात. केंद्रकातल्या डीएनएच्या प्रत्येक पेशीत दोनच प्रती असतात, पण मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो, कधी हजारो प्रती. त्यामुळे जुन्या हाडात तो टिकून राहण्याची शक्यता जास्त.

आणि त्याची एक खासियत आहे. तो आईकडूनच येतो. तुमच्यात तुमच्या आईचा, तिच्यात तिच्या आईचा, तिच्यात पणजीचा. मुलगा असो की मुलगी, घेणार आईकडूनच, पण पुढे देणार फक्त मुलगी. म्हणजे आईकडची एक सलग रेघ. या रेघेत हजारो वर्षांत मधूनमधून छोटे बदल होतात आणि त्यावरून शाखा पडतात. या शाखांना हॅप्लोग्रुप म्हणतात. आपण त्याला "मातृकुळी" म्हणूया. कुठली कुळी जगात कुठे जास्त आढळते, याचे नकाशे शास्त्रज्ञांकडे आहेत.

क्यूकेटी-१ची कुळी निघाली यू-१-बी.

मग टीमने भारतीय उपखंडातल्या २२,००० हून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. यू-१-बी त्यात एकाचीही नव्हती. एकाचीही नाही! मग जॉर्जियातल्या ३० जणांचे नमुने पाहिले. त्यात दोघांकडे तीच कुळी मिळाली. बाकीची दोन हाडं वेगळ्या कुळींची निघाली, त्यांचा या हाडाशी मेळ बसत नव्हता.

२०१४ च्या "मायटोकॉन्ड्रिऑन" या जर्नलमध्ये निबंध आला. शीर्षकात तोच शब्द, बहुधा.

एवढं सगळं जुळलं, मग "बहुधा" का?

आता इथे थांबून नीट विचार करूया. या टेस्टने आपल्याला नक्की काय सांगितलं?

पहिली गोष्ट तिने ठणकावून सांगितली: हे हाड इथल्या स्थानिक माणसाचं असण्याची शक्यता अगदी नगण्य आहे. २२,००० मध्ये शून्य, हा पुरावा दणदणीत आहे.

दुसरी गोष्ट: ज्या प्रदेशातून राणी आल्या, तिथे ही कुळी आहे. ठीक. पण ३० मधल्या दोघांकडे आहे, म्हणजे शंभरात सहा-सात जणांकडे. राणीच्या काळात जॉर्जियातल्या गावोगावी याच कुळीच्या बायका पाणी भरत असणार. ही कुळी म्हणजे राणीची सही नाही.

तिसरं म्हणजे, यू-१ हे मोठं कुळ मध्यपूर्व, कॉकेशस, भूमध्य समुद्राचा परिसर अशा भागांत मिळतं. सतराव्या शतकातला गोवा म्हणजे जगभरच्या लोकांचं बंदर. पोर्तुगीज, आर्मेनियन व्यापारी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम, सगळे तिथे. त्यामुळे एखाद्या दुसऱ्याच परदेशी माणसाचं हाड असण्याची शक्यता कमी होते, पण पूर्ण शून्यावर येत नाही.

आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए नुसता पाहून हाड बाईचं की पुरुषाचं हेसुद्धा कळत नाही. कारण आईकडून तो दोघांनाही मिळतो.

म्हणजे एकटा डीएनए "राणी" हा शब्द उच्चारूच शकत नाही. तो शब्द कुठून येतो? कागदातून. कागद म्हणतो, या चॅपलमध्ये, या खिडकीत, जॉर्जियाची राणी. उत्खनन म्हणतं, ती जागा ही असावी आणि तिथे हाड मिळालं. डीएनए म्हणतो, हे हाड इथलं नाही, जॉर्जियात सापडणाऱ्या कुळीचं आहे. तिघांनी एकमेकांशी सल्लामसलत न करता एकाच दिशेला बोट दाखवलं. खरी ताकद त्यात आहे. त्या खिडकीपाशी जॉर्जियाच्या बाजूची दुसरी कुठली व्यक्ती असणार? एवढा योगायोग अवघड आहे. म्हणूनच "बहुधा" हा इथे मिळमिळीत शब्द नाही, चांगला वजनदार आहे.

विज्ञान कधी कधी ठाम बोलतं, ते कसं?

तुम्ही म्हणाल, मग इतर वेळी शास्त्रज्ञ इतकं ठाम कसं बोलतात? दोन उदाहरणं घेऊ, एक नकाराचं आणि एक होकाराचं.

नकाराचं उदाहरण इटलीतल्या तुरीन शहरातलं. तिथे चार मीटरहून लांब एक लिननचं कापड आहे. त्यावर एका माणसाची पुसट आकृती दिसते, आणि हे येशूला गुंडाळलेलं कफन आहे अशी श्रद्धा आहे. १९८८ मध्ये त्याचा छोटा तुकडा कापून तीन लॅबना दिला, ऑक्सफर्ड, झुरिच आणि अमेरिकेतलं ॲरिझोना. सोबत ज्यांचं वय आधीच माहीत होतं असे इतर कापडांचे तुकडेही दिले, म्हणजे लॅबचं माप बरोबर आहे ना ते तपासता येईल. कार्बन डेटिंगचं उत्तर आलं, इसवी सन १२६० ते १३९०. फ्रान्समधल्या कागदांत हे कापड पहिल्यांदा दिसतं ते चौदाव्या शतकातच. तेही जुळलं.

त्या निकालावर पुढे आक्षेप आले. कुणी म्हणालं, कापलेला कोपरा नंतर ठिगळ लावलेला असेल. वाद अजून चालू आहे. पण तपासाची रचना बघा. दाव्यातच एक तारीख होती, पहिलं शतक. कार्बन डेटिंग तारीखच मोजतं. प्रश्न आणि हत्यार एकमेकांना फिट बसले. समजा उत्तर पहिल्या शतकाचं आलं असतं, तरी ते कफन येशूचं हे सिद्ध झालं असतं का? नाही. त्या काळात हजारो माणसं कफनात गुंडाळली गेली. तारीख चुकली तर दावा पडतो, पण तारीख जुळली तर दावा फक्त जिवंत राहतो.

केतेवान यांच्या हाडाला कार्बन डेटिंगचा तितका उपयोग नाही. त्या काळासाठी त्याचं उत्तर बऱ्याच वर्षांच्या पट्ट्यात येतं, आणि त्या मठात पुरलेली माणसंही साधारण त्याच काळातली. सगळ्यांचीच उत्तरं सारखी आली असती.

आता होकाराचं उदाहरण. हा धार्मिक अवशेष नाही, पण पद्धत तीच. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका कार पार्किंगखाली सांगाडा मिळाला. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, हा तोच असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के. एवढा आकडा कसा आला? रिचर्डच्या बहिणीपासून आई-मुलगी-आई-मुलगी अशी रेघ आजपर्यंत कागदोपत्री शोधता आली, आणि त्या रेघेवरच्या जिवंत माणसांचा डीएनए सांगाड्याशी जुळला. शिवाय सांगाड्याचा वाकडा कणा, लढाईतले घाव, वय, काळ, असं सगळं जमेला धरलं.

केतेवान यांच्या बाबतीत नेमका हाच दुवा नाही. त्यांच्या आईकडच्या रेघेवरचं ओळखीचं कुणी तुलनेला हाताशी नव्हतं. म्हणून "जॉर्जियात ही कुळी आहे" इथपर्यंत पोहोचता आलं. "याच कुटुंबातली" इथपर्यंत नाही. लॅब कमी पडली असं नाही म्हणता येणार, तुलना करायला दुसरी बाजूच नव्हती.

मग पुढे काय झालं?

जॉर्जियासाठी हा शब्दांचा खेळ नव्हता. चारशे वर्षं ज्या राणीची प्रार्थना केली तिचा स्पर्श करता येईल असा अंश हवा होता. २०१७ मध्ये भारताने हे अवशेष ठरावीक मुदतीसाठी जॉर्जियाला पाठवले, नंतर ते परत आले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर तिबिलिसीला गेले आणि अवशेषाचा एक भाग कायमचा जॉर्जियाच्या हवाली केला. एक भाग भारतात राहिला.

आता कुणी म्हणेल, "बहुधा" असताना दिलंच कशाला? मला यात विसंगती दिसत नाही. एका जीर्ण चर्चमधल्या हाडाचं "बहुधा" एका देशासाठी पुरेसं होतं. श्रद्धेचा निर्णय त्यांनी घेतला, तो त्यांचा अधिकार. शास्त्रज्ञांचं काम होतं शंका किती उरली आहे ते प्रामाणिकपणे सांगणं, ते त्यांनी शीर्षकातच सांगितलं. दोघांनी आपापलं काम केलं. घोळ होतो तो मधल्या लोकांमुळे, जे "बहुधा" खोडून "सिद्ध" लिहितात. आणि उद्या नवी पद्धत येऊन उत्तर थोडं जरी बदललं, तर हेच लोक म्हणणार, "बघा, शास्त्रज्ञ शब्द फिरवतात."

म्हणून पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर "विज्ञानाने सिद्ध केलं" असा फॉरवर्ड आला, मग तो कुठल्याही धर्माच्या अवशेषाबद्दल असो, तर तीन प्रश्न विचारून बघा. टेस्टने नक्की काय मोजलं, तारीख, कुळी की नातं? ज्याच्याशी तुलना केली ते काय होतं आणि किती होतं? आणि टेस्ट सोडून दुसरा कुठला पुरावा तेच सांगतोय का? उत्तरं मिळाली नाहीत तर फॉरवर्ड करू नका, इतकं सोपं आहे.

आणि गोव्याला गेलात की एक अर्धा तास जुन्या गोव्यातल्या त्या पडक्या मनोऱ्यासाठी काढा. फोटो काढाच, पण मागच्या भिंतींमधून थोडं चालूनही या. शिराझहून निघालेली एक राणी तिथल्या एका खिडकीत शतकानुशतकं थांबली होती. बहुधा.